कणीस, फणी आणि कोट : इरकली पदराचे एक वाचन

मराठी समीक्षेने विणकराच्या मागावरून उचललेले शब्द मोजायला बसले तर यादी लांबत जाईल. कथेची वीण, भाषेचा पोत, आशयसूत्र, कथानकाचे धागेदोरे, कादंबरीचा पट; फार काय, ज्याला आपण ग्रंथ म्हणतो त्या शब्दाच्या मुळाशीही गुंफण्याची, गाठ मारण्याचीच क्रिया आहे. एवढी उसनवारी करूनही प्रत्यक्ष विणलेल्या वस्त्राकडे आपला समीक्षक सहसा वळत नाही. वस्त्राविषयी लिहिणे हे एक तर सणासुदीच्या रंगीत पुरवण्यांचे काम, नाहीतर सरकारी माहितीपत्रकांचे, अशी वाटणी आपण करून टाकली आहे. या दोन्ही ठिकाणी वस्त्ररचनाकाराला, म्हणजे आजच्या भाषेत डिझायनरला, एक प्रश्न हमखास विचारला जातो : तुम्हाला प्रेरणा कोठून मिळते? उत्तरही जवळजवळ ठरलेले असते. निसर्गातून, रोजच्या जगण्यातून, आजीच्या पेटीतल्या जुन्या लुगड्यातून. हे उत्तर खोटे असते असे नाही. परंतु ते अर्ध्यावर थांबते. रोजचे जगणे सर्वांनाच लाभलेले असते, मात्र त्याचे वस्त्र सर्वांच्या हातून होत नाही. पाहिलेली वस्तू आणि विणलेली नक्षी यांच्या दरम्यान काय घडते, हा खरा समीक्षेचा प्रश्न आहे. त्याचा विचार करण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या सीमाभागातील बायकांच्या अंगावर पिढ्यानुपिढ्या असलेले इरकली लुगडे त्यासाठी पुरेसे आहे.

इळकल हे गाव बागलकोट जिल्ह्यातले. कानडीत ते ‘इळकल सीरे’, आणि आपल्याकडे इरकल किंवा इरकली. भालकी-औरादपासून बसवकल्याण, आळंदपर्यंत, आणि पलीकडे सोलापूर, धाराशिव, लातूरकडेही हे लुगडे नेसणारीला तिची मातृभाषा कोणी विचारीत नाही. राज्य पुनर्रचनेत १९५६ साली ज्या रेघा ओढल्या गेल्या त्या या लुगड्याला ओलांडाव्याच लागल्या नाहीत, कारण ते आधीपासूनच दोन्हीकडे होते. त्याचे अंग बहुधा सुती व गडद रंगाचे, काठ रुंद व लालसर, आणि पदर रेशमी, लाल-पांढऱ्याचा. आपल्या दुकानांतून ‘टोपपदर’ म्हणून जो मागितला जातो तो हाच पदर. इरकलीचे सगळे वैभव त्या पदरात आहे, आणि माझ्या मते सगळा विचारही.

हा पदर कसा सिद्ध होतो हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. सामान्य साडीत मागावर एकच ताणा असतो. उभे धागे पहिल्यापासून अखेरपर्यंत तेच, आणि आडवा बाणा बदलून पदराचा रंग साधला जातो. इरकलीत तसे नाही. अंगाचा ताणा निराळा, पदराचा ताणा निराळा, काठांचा निराळा. अंगाचे सुती धागे जेथे संपतात तेथे पदराचे रेशमी धागे फाशात फासा अडकवून जोडले जातात, आणि त्या सांध्यापलीकडे पदर विणला जातो. परिणामी प्रत्येक लुगड्यासाठी ताणा स्वतंत्र लावावा लागतो. लांबलचक ताणा चढवून त्यातून एकामागून एक लुगडी कापत जाण्याची सोय येथे नाही. या श्रमाचा मोबदला विणकराला मिळतो की नाही हा निराळा विषय आहे आणि त्याचे उत्तर सुखद नाही. परंतु कलाविचाराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की पदर हा इरकलीत अंगाचा शेवट नसून स्वतंत्र सुरुवात आहे. आणि गंमत म्हणजे या जोडण्याच्या रीतीला आणि त्या पदराला स्थानिक बोलीत एकच नाव आहे : टोपेतेनी, किंवा टोपुतेन्ने.

‘तेने’ म्हणजे कणीस. कानडी जाणणाऱ्या वाचकाला हे सांगायला नको. पदराच्या टोकाला जे पांढरे सुळके लाल भूमीत चढत गेलेले दिसतात, त्यांच्या प्रकारांना विणकरांनी दिलेली नावे अशी आहेत : हणिगे, म्हणजे फणी; कोटी कम्मली, म्हणजे कोटाची तटबंदी; टोपुतेन्ने, म्हणजे जोंधळ्याचे कणीस; आणि रंपा, म्हणजे डोंगररांग. चार नावे, आणि चारांपैकी एकही पुराणातले नाही, दरबारातले नाही. सकाळी केस विंचरायची फणी, शिवारातला जोंधळा, क्षितिजावरचा डोंगर, आणि गावाबाहेरचा पडका कोट. बीदर आणि कलबुर्गी येथील माणसाला तर कोट ही सुद्धा दैनंदिन वस्तूच आहे. बहमनी सुलतानांनी बांधलेल्या त्या भिंतींच्या सावलीत भाजी विकली जाते, म्हशी बसतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला जे कंगोरे चौदाव्या-पंधराव्या शतकाची आठवण देतात, ते वाटसरूला केवळ आकाशाची दातेरी कड म्हणून दिसतात. विणकराने दुसऱ्याचीच नजर घेतली.

जोंधळ्याविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. विजापूर, कलबुर्गी, सोलापूर हा सलग पट्टा रब्बी जोंधळ्याचा. शासकीय सेवेत पीकपाहणीच्या निमित्ताने ज्यांना पौष-माघात या शिवारांतून फिरावे लागले आहे, त्यांना हे ठाऊक आहे की कणीस भरल्यावर जोंधळ्याचे शेत एकसंध राहत नाही. वरच्या बाजूने ते एकाएकी मोजता येण्यासारखे होते. खाली पानांचा गोंधळ, वर मात्र सुटी, उभी, सारख्या अंतरावरची कणसे. इरकली पदराचा आकृतिबंध नेमका असाच आहे : खाली सलग लाल, वर सुटे पांढरे सुळके, सारख्या अंतराने. कणसाचे दाणे त्यात नाहीत, ताट नाही, पाने नाहीत. शिवार दुरून पाहिल्यावर जेवढे मोजता येते तेवढेच उरले आहे.

मराठीत येताना या नावाचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. आपण ‘टोपपदर’ म्हणतो. तेने गळाले आणि टोप तेवढा राहिला. मराठी कानाला टोप म्हणजे डोक्यावर घालायचा, किंवा स्वयंपाकघरातला. कणसाचा मागमूस उरला नाही. विक्रेत्याला त्याने काही बिघडत नाही, आणि नेसणारीलाही नाही. परंतु आकृतीचे वाचन मात्र बदलते. ज्या बाईला ‘तेने’ ठाऊक आहे तिच्या पदरात पीक आहे. जिला फक्त ‘टोप’ ठाऊक आहे तिच्या पदरात एक सुंदर भूमितीय नक्षी आहे. याच लुगड्याच्या एका काठाचे नाव गोमी. ते ऐकताच मराठी माणसाला भिंतीवरून सरपटणारी गोम आठवते आणि काठावरच्या बारीक पायांसारख्या रेघा त्याला दिसू लागतात. येथे सीमेवरच्या दोन भाषांत उलटी देवघेव झालेली दिसते. मूळ काही असो, नावाने डोळ्याला दिशा दिली हे खरे.

येथे एक अडचण उभी राहते, आणि ती टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. विणकराने कणीस पाहिले आणि म्हणून सुळका विणला, की सुळका आधी विणला गेला आणि मग कोणाला तरी त्यात कणीस दिसले? प्रेरणेची भाषा बोलणारे पहिला पर्याय गृहीत धरतात. पुरावा मात्र दुसऱ्याकडे झुकतो. विदर्भातली करवतकाठी साडी घ्या. तिच्या काठावर जवळजवळ हाच दातेरी आकार आहे, आणि तेथील लोकांना त्यात सुताराची करवत दिसली. पश्चिम महाराष्ट्रात काठावरच्या अशाच लहान त्रिकोणी रांगेला रुईफूल म्हणतात. तमिळ प्रदेशात गेलो तर तोच त्रिकोण गोपुर होतो. एकाच आकाराला करवत, रुईचे फूल, देवळाचे शिखर आणि जोंधळ्याचे कणीस अशी चार नावे असतील, तर आकाराचा उगम या चारांपैकी एकातही नसण्याचा संभव अधिक.

तो उगम मागातच आहे. करवतकाठीत काठाचा आणि अंगाचा बाणा निरनिराळ्या धोट्यांनी भरला जातो : दोन काठांचे दोन धोटे आणि मधल्या अंगाचा एक. दोन रंगांचे धागे जेथे भेटतात तेथे ते एकमेकांत अडकवावे लागतात. हा सांधा प्रत्येक ओळीला एकाच उभ्या धाग्यापाशी आला तर तेथे कापड जाड होते, ताण एका रेषेवर येतो आणि वस्त्र तेथेच आधी फाटते. म्हणून विणकर सांधा दर ओळीला थोडा पुढे, थोडा मागे सरकवतो. ताण वाटला जातो, आणि त्या सरकवण्याचे दात कापडावर उमटतात. म्हणजे करवत ही प्रथम शोभा नव्हती, मजबुती होती. इरकलीच्या पदराची रचना वेगळी असली तरी दोन भिन्न द्रव्यांचा सांधा हाच तिचाही मूळ प्रश्न आहे, आणि पायऱ्यापायऱ्यांनी चढणारा आकार हाच मागाला सर्वांत सहज येणारा आकार आहे. माग वळण जाणत नाही. उभा धागा आणि आडवा धागा एवढेच त्याचे व्याकरण. त्यात वर्तुळ काढायचे म्हटले तरी ते पायऱ्यांनीच काढावे लागते.

मग दैनंदिन जीवनाचा वाटा कोणता? मला असे वाटते की नाव देणे हाच तो वाटा आहे, आणि तो दुय्यम नाही. मागाने दिलेल्या मुक्या दातांना एका प्रदेशाने कणीस म्हटले, तेव्हा पुढचा विणकर दात विणीत नव्हता, कणीस विणीत होता. त्याने सुळका किती उंच न्यावा, दोन सुळक्यांत किती लाल सोडावे, टोक बोथट करावे की अणकुचीदार, हे निर्णय मग शिवाराच्या आठवणीने होऊ लागले असणार. फणी म्हटल्यावर दात सारखे आणि जवळजवळ आले, कोट म्हटल्यावर रुंद आणि चौकोनी झाले. एकाच तांत्रिक बीजातून चार नक्षी फुटल्या त्या या नावांमुळे. जाता जाता हेही नोंदवावेसे वाटते की मराठी विणकर मागाच्या ज्या अवयवातून ताण्याचे धागे ओवतो आणि ज्याने बाणा ठोकतो त्याला फणीच म्हणतो. पदरावरची हणिगे ही केसांची फणी की हाताशी असलेली मागाची, हे ठरवण्याचा मला अधिकार नाही. परंतु दिवसभर ज्याच्या डोळ्यांसमोर फणी पुढेमागे होते आहे त्याला दूरच्या प्रेरणेची गरज का पडावी?

याच्या उलट उदाहरण धारवाडकडच्या कशिद्याचे, म्हणजे कसुतीचे. तेथे वस्तू आधी आहे यात संशय नाही. तुळशीवृंदावन, पाळणा, पालखी, रथ, अंबारीचा हत्ती, नंदी, पोपट ही चित्रे विणकामाच्या सोयीतून निघालेली नाहीत; बाईने ती अंगणात, देवळात, जत्रेत पाहिली आणि इरकली किंवा काळ्या चंद्रकळेवर सुईने भरली. तरीही कसुतीत रेखाटन नाही. कापडावर पेन्सिलीने चित्र काढून त्यावरून सुई फिरवायची नाही. कापडाचे धागे मोजायचे आणि टाके घालायचे. टाके चारच : गवंती, मुरगी, नेयगी आणि मेंथी. मेंथी म्हणजे मेथी, हे नाव पुन्हा स्वयंपाकघरातलेच. गवंती आणि मुरगी या टाक्यांत कापडाच्या दोन्ही बाजू सारख्या दिसाव्या लागतात आणि गाठ कोठेही पडू द्यायची नाही. म्हणजे सुई जेथून निघाली त्या वाटेने तिला परतावे लागते आणि परतीच्या वाटेवर सुटलेल्या जागा भरीत यावे लागते. हत्ती भरायला घेण्यापूर्वी तो कोणत्या पायापासून सुरू करून कोठे संपवायचा याचा हिशेब बाईच्या डोक्यात पुरा झालेला असतो. साक्षर नसलेल्या अनेक स्त्रियांनी हे केले आहे. त्याला आपण ‘हातकाम’ म्हणतो आणि कागदावर त्याच हिशेबाची आकृती काढणाऱ्याला ‘डिझायनर’ म्हणतो. हा भेद कोणत्या निकषावर टिकतो हे मला अद्याप कोणी पटवून दिलेले नाही.

पाश्चात्त्य उदाहरणांत दैनंदिन प्रेरणेची सर्वांत प्रसिद्ध कथा विल्यम मॉरिस यांची. केल्म्सकॉट येथील त्यांच्या घरच्या बागेत पक्षी स्ट्रॉबेरीची फळे पळवीत. त्यावरून १८८३ साली त्यांनी ‘स्ट्रॉबेरी थीफ’ हे छापील सुती वस्त्र सिद्ध केले. निळ्या भूमीवर चोचीत फळ धरलेले पक्षी, मागे पानांची दाटी. कथा गोड आहे म्हणून ती सर्वत्र सांगितली जाते. परंतु तिच्याबरोबर हेही सांगितले पाहिजे की कापड संपूर्ण निळीत बुडवून मग ठशाने तेवढाच रंग काढून टाकण्याची, आणि तेथे इतर रंग भरण्याची खटपटीची रीत मॉरिस यांनी मर्टन ॲबी येथील आपल्या कारखान्यात जिद्दीने साध्य केली, तेव्हा कोठे तो पक्षी कापडावर उतरला. बागेतला पक्षी एका सकाळीही दिसू शकतो. निळीचा हौद मात्र अनेक महिने मागतो. शिवाय छपाईत पक्षी पक्षीच राहू शकतो, त्याचे पोट गोल राहू शकते. आमच्या मागावर तो आला असता तर प्रथम त्याला पायऱ्या पडल्या असत्या. म्हणून मॉरिस यांच्या उदाहरणावरून सर्व वस्त्रकलेविषयी बोलणे धोक्याचे आहे. छापणाऱ्याची प्रेरणा आणि विणणाऱ्याची प्रेरणा यांत जातीचाच फरक आहे.

मराठीत या विषयावर अधिकाराने बोलू शकणारा एक माणूस होऊन गेला आणि त्याची या अंगाने पुरेशी दखल घेतली गेलेली नाही. प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांना आपण चित्रकार म्हणून आणि ‘कोरा कॅनव्हास’ या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचे लेखक म्हणून ओळखतो. ते उपजीविकेसाठी विणकर सेवा केंद्रात वस्त्ररचनाकार होते, प्रथम वाराणसीला आणि नंतर मुंबईला, मिळून सुमारे दोन दशके. त्यांच्या परिचयात ही गोष्ट एका ओळीत येते आणि पुढची ओळ तंत्रमार्गाच्या प्रभावाकडे वळते. नोकरीला प्रभावांत स्थान देण्याची आपल्याकडे पद्धत नाही. परंतु त्यांची चित्रे मागाच्या बाजूने पाहावीत. गजराचे घड्याळ, पान, किल्ली, फळ, पत्त्यांतले राजा-राणी : सगळ्या टेबलावरच्या, खिशातल्या, घरातल्या वस्तू. त्या सपाट आहेत, कडा स्पष्ट आहेत, आणि प्रत्येकीच्या सभोवती भरपूर मोकळी जागा आहे. साडीच्या अंगावर बुट्टी टाकणाऱ्याला हीच शिस्त पाळावी लागते : वस्तूतून अनावश्यक ते काढून टाकणे, कड निश्चित करणे आणि दोन बुट्ट्यांतल्या रिकाम्या जागेचा विचार बुट्टीइतक्याच गांभीर्याने करणे. ‘कोरा कॅनव्हास’मधील वस्तू, आकार आणि अवकाश यांचे चिंतन मला तत्त्वज्ञानापेक्षा आलेखकागदाच्या अधिक जवळचे वाटते. चित्रकलेचे अभ्यासक यावर नाक मुरडतील. मुरडोत.

मात्र बरवे आणि इरकलीचा विणकर यांच्या वाटा परस्परविरुद्ध आहेत, आणि तो विरोध मला फार महत्त्वाचा वाटतो. बरवे यांच्या चित्रात घड्याळ येते तेव्हा ते वेळ दाखवण्याचे काम सोडून देते. वस्तू आपला उपयोग टाकून आकार होते. पदरावर ज्याला काही उपयोगी अर्थ नव्हता असा आकार लोकांनी दिलेल्या नावाने फणी होतो, कणीस होतो, म्हणजे त्याला घरातली जागा मिळते. एकाची दिशा वस्तूकडून आकाराकडे, दुसऱ्याची आकाराकडून वस्तूकडे. पहिली वाट एकट्या कलावंताची आहे. दुसरीला गाव लागते. एक माणूस नाव देऊन भागत नाही, ते इतरांनी उचलावे लागते.

संतसाहित्याचे वाचक येथे सावता माळ्याचा मळा आणि गोरा कुंभाराची माती यांची आठवण करतील. नामदेवांच्या गुरू ग्रंथसाहिबातील रचनांतही शिंप्याचा गज आणि कात्री भक्तीची साधने होऊन येतात. परंतु आपल्या भागाचा दाखला त्यांच्याही आधीचा आहे. जेडर दासिमय्या हे बसवण्णांच्या पूर्वीचे वचनकार, व्यवसायाने विणकर. त्यांचे मुदनूर सुरपूर तालुक्यात, म्हणजे २००९ पर्यंतच्या गुलबर्गा जिल्ह्यात आणि आताच्या यादगीर जिल्ह्यात. त्यांच्या एका वचनात ताणा सरळ करण्यापासून धोट्यापर्यंत मागावरच्या कामाचे तपशील क्रमाने येतात आणि अखेरीस रामनाथाला प्रश्न केला आहे की ही साडी विणली ती कोणी, मी की तू? भाविकाला त्यात अहंकाराचा लय दिसेल, आणि तो आहेच. परंतु व्यवसायातल्या माणसाचा साधा अनुभव म्हणूनही तो प्रश्न वाचता येतो. ताण्याने काही ठरवले, फणीने काही, आधीच्या विणकराने काही, नेसणारीने काही. कर्ता कोण म्हणून सांगावे?

आपल्या तांड्यांवरच्या लमाण स्त्रियांचे भरतकाम या प्रश्नाला आणखी एक पदर जोडते. फेटिया आणि कांचळी यांवर त्या आरसे, कवड्या आणि नाणी शिवतात. येथे वस्तूचे चित्र नाही, वस्तूच कापडावर आली आहे. ज्या कवडीने एके काळी व्यवहार होत असे ती व्यवहारातून गेली आणि वस्त्रावर राहिली. चार आण्याचे नाणे ३० जून २०११ नंतर चलनातून रद्द झाले. जुन्या कांचळ्यांवर शिवलेल्या नाण्यांना त्या आदेशाने काही बाधा आली नाही. दैनंदिन जीवन बदलते आणि वस्त्र त्याच्या मागून, आपल्या गतीने, थोडे थोडे वेचीत येते, असा याचा अर्थ मी करतो.

आणि म्हणूनच आजच्या स्थितीविषयी मला खरी चिंता वाटते ती वेगळी आहे. टोपपदराची नक्षी आता कृत्रिम धाग्याच्या कापडावर छापून मिळते. सांधा नाही, फासे नाहीत, दोन ताणे नाहीत. सांध्याच्या गरजेतून वाढलेला सुळका सांधा नसलेल्या कापडावर रंगाचा डाग म्हणून उभा आहे. गुळेदगुड्डचा खण पूर्वी चोळीपुरता होता. तुळस, रुद्राक्ष, रथ, सूर्यनारायण अशा त्याच्या बुट्ट्या अंगाशी घट्ट बसणाऱ्या लहान तुकड्यासाठी बेतलेल्या होत्या आणि त्रिकोणी घडीत ओटीत पडत होत्या. गेल्या काही वर्षांत यंत्रमागावर अख्ख्या खणाच्या साड्या निघाल्या आणि महाराष्ट्रातल्या शहरांत त्यांची लाट आली. ज्यांना ते भ्रष्टाचरण वाटते त्यांच्याशी मी सहमत नाही. खणाला पोट भरण्याचा नवा मार्ग मिळाला असेल तर तो मिळावा. परंतु हाताएवढ्या कापडासाठी योजलेली बुट्टी सहा वारांवर पसरली की ती मोजता येत नाही, नुसती चमकते. हे सौंदर्यदृष्ट्या नुकसान आहे आणि ते नुकसान म्हणून सांगितले पाहिजे. इळकलच्या साडीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याने स्थळाचे आणि रीतीचे रक्षण होऊ शकते; तेने म्हणजे काय हे ठाऊक असलेल्या कानाचे रक्षण त्याने होत नाही.

तथापि जुने टिकवणे हा प्रश्नाचा लहान भाग आहे. मोठा भाग असा की रोजच्या जगण्यातून नवे काही वस्त्रात येत का नाही? परंपरेला ते वर्ज्य होते असे म्हणता येणार नाही. बंगालमध्ये मुर्शिदाबादकडच्या बालुचरी साड्यांच्या पदरांवर हुक्का ओढणारे साहेब आहेत, आगगाडी आहे, आगबोट आहे. एकोणिसाव्या शतकातल्या विणकराने जे नवे पाहिले ते रेशमात घातले. त्याच परंपरेतल्या दुबराज दास यांनी तर आपल्या साड्यांत स्वतःचे नाव विणले. कर्ता कोण, या प्रश्नाला ते एक धीट उत्तर होते. आमच्या इळकलच्या आणि गुळेदगुड्डच्या विणकरांची नावे कोणत्याही पदरावर माझ्या पाहण्यात नाहीत. डिझायनरचे नाव मात्र आता कापडाला लटकवलेल्या चिठ्ठीवर असते.

२०२३ च्या मार्च महिन्यात केंद्र शासनाने देशातल्या सात मोठ्या वस्त्रोद्योग उद्यानांची ठिकाणे जाहीर केली, त्यांत कलबुर्गी आहे. गिरणीचा पूर्वानुभव या शहराला आहे. महबूबशाही गिरणीचे नाव जुन्या लोकांच्या तोंडी अजून येते. उद्यानासंबंधी जी चर्चा कानी येते ती एकर, गुंतवणूक आणि रोजगार यांची आहे, आणि ती तशी असणे स्वाभाविक आहे. तेथे नक्षी कोण काढणार, आणि ती काढणाऱ्याला खिडकीतून काय दिसणार, याची विचारणा निदान साहित्याच्या मंडळींनी करायला हरकत नाही. खिडकीबाहेर आता जोंधळा पूर्वीइतका नाही. तूर आहे. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली मानांकनही मिळाले. मार्गशीर्षात शेंग धरलेले तुरीचे झाड जवळून पाहावे : चपटी, किंचित वाकडी शेंग, आत दाणे जेथे जेथे आहेत तेथे तेथे तिरप्या खाचा पडलेल्या, आणि झुपक्यात चार शेंगा चार दिशांना. तिरपी खाच मागाला अवघड नाही. तिरप्या विणीतून ती सहज साधते. शेंगेचे वळण मात्र पायऱ्यांवर चढवावे लागेल, आणि किती पायऱ्यांत ते शेंग वाटत राहील हे कोणाला तरी मागावर बसूनच मोजावे लागेल. तुरीचा काठ अजून मी कोणत्याही लुगड्याला पाहिलेला नाही. तो निघाला तर दुकानात त्याला ‘तूरकाठ’ म्हणतील की कानडीतले ‘तोगरी’ लावतील, हे गिऱ्हाइकीण ठरवील.